पिंपळ नव्हे, भेंडी

परळच्या आमच्या चाळीच्या फाटकाजवळचं झाड बाबांनी लावलं, मिल बंद पडली त्या वर्षी. गावाहून आणलेली भेंडीची फांदी खोचली आणि ती लागली. भाजीची भेंडी नव्हे. कोकणात किनाऱ्याला सावलीसाठी लावतात ती. पान मात्र थेट पिंपळाच्या वळणाचं, तिथेच घोळ झाला. चाळीने तिला पिंपळ ठरवून टाकलं. कुणी तांब्याभर पाणी घाली, कुणी पौर्णिमेला मेणबत्ती लावी. पिवळी फुलं पडायची, पण एकदा पाया पडल्यावर फुलं कोण बघतंय! बाबा मिशीत हसायचे. "म्हणू दे पिंपळ. कुऱ्हाड तरी नाही लागणार."

मागच्या पावसाळ्यात फाटकावरची जाडजूड फांदी वाऱ्याने बुंध्यापाशी चिरली. नेमकी तिच्याखाली माझी मुलगी शाळेच्या बससाठी उभी राहते. वारा सुटला की पोळी तव्यावर टाकून मी गॅलरीत धावायचे. एकदा तर तिला दंडाला धरून असं खेचलं की ती रडायलाच लागली.

फांदी कापूया म्हटलं, तर शेजारच्या काकू अंगावर आल्या. "पिंपळाक कोयतो लावतलंस? मुंजो बसता तेच्यार!" बाकीच्यांनी मला घाबरट ठरवलं. होतेच मी घाबरट. मुंज्याला नव्हे, फांदीला.

मग एका सकाळी फांदी कडाडली आणि हातभर खाली आली. मुलगी तिथेच उभी होती. मी किंचाळले, ती पळाली. दूध घेऊन येणाऱ्या बाबांनी हे पाहिलं.

संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना खाली बोलावलं. "पिंपळ नाय तो. भेंडी आहे. मीच लावलीय. फांदी कापा." काकूंनी एक पान उचलून पिंपळाच्या पानाला असतं ते लांब टोक शोधलं. "खरांच गो, हेका शेपूट खंय हा?"

रीतसर परवानगी आली, फांदी उतरली. त्या दिवशी मी सुटकेचा निःश्वास टाकला.

आठवडाही झाला नसेल. नवी गाडी घेतलेले वरच्या मजल्यावरचे शेजारी खाली बाबांना भेटले. "काका, भेंडीच आहे ना? मग अख्खंच काढूया की. दोन गाड्या आरामात लागतील."

तांब्याभर पाणी घालणारेही माना डोलावू लागले. बाबांनी माझा हात धरला. "आता पिंपळ म्हणायची सोय नाय उरली," ते पुटपुटले.