जाळीबाहेरचा दिवस

आमच्या विद्यापीठाच्या टेनिस कोर्टाची माती सांभाळणारे गृहस्थ खेळ कधी बघत नाहीत. चेंडूचा टप्पा पडला की त्यांची नजर मातीवर उमटलेल्या खुणेवर. पायताण कोर्टाभोवतीच्या जाळीबाहेर काढून ते आत येतात, टाच दाबून बघतात आणि मला, प्रशिक्षकाला, बजावतात, "लय कोरडी हाय सर. पाणी मारल्याबिगर पोरं सोडू नका."

रहिमतपूरहून रोज एसटीने येतात. नेमणूक अकरा महिन्यांची. मग एका दिवसाचा खंड, म्हणजे नोकरी सलग दिसायला नको. त्या दिवशी त्यांनी कामाला हात लावायचा नाही.

यंदा नेमक्या त्याच दिवशी वित्त विभागाचे अधिकारी टेनिसचा खर्च तपासायला येणार होते. सकाळी पाहतो तर हे जाळीबाहेर उभे.

"मी आत येत न्हाई. तुमी करा, मी सांगतो."

ते सांगत गेले. मी पाणी मारलं, रोलर ओढला, फक्कीच्या रेषा आखल्या. हाताला फोड आले, पण कोर्ट देखणं झालं.

अधिकाऱ्यांनी ते न्याहाळलं. "आज तुमचा माणूस नाही ना? मग हे कोणी केलं?"

"मीच," मी म्हणालो. बाहेरून कोण सांगत होतं ते बोललो असतो, तर खंडात काम केलं म्हणून त्या गृहस्थांची पुढची नेमणूकच अडकली असती.

"छान. म्हणजे वेगळा माणूस लागत नाही." त्यांनी तसं लिहूनही घेतलं.

जाळीपलीकडे सगळं ऐकू गेलं होतं. मला मान वर करवेना.

"सर," ते हळूच म्हणाले, "पाइप गुंडाळून सावलीत ठेवा. उन्हानं तडकतो."