चांदपाखरांचे कोष

सुनंदा गेल्याचा फोन तिच्या भावानं केला. त्याआधीच्या भेटीत, दवाखान्यात, ती मला एकच गोष्ट बजावत होती... गॅलरीतल्या टोपलीतले कोष राधानगरीच्या जंगलात नेऊन सोड. बाकी तिला कुणाकडून काही नको होतं.

शाहूपुरीत भाड्यानं राहणारी सुनंदा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची, मी वनस्पतिशास्त्र. नव्वदच्या दशकात तिला फिकट हिरव्या, लांब शेपटीच्या रानपतंगाचं वेड लागलं. ती त्याला चांदपाखरू म्हणायची. त्याची अळी मोईच्या झाडाचा पाला खाते, मग पानंच अंगाभोवती गुंडाळून कोष करते आणि उन्हाळाभर आत पडून राहते. बाहेर आलेल्या पतंगाला खाण्यापुरतं तोंडही नसतं. जेमतेम आठवडाभर जगायचं, जोडीदार गाठायचा, अंडी घालायची, संपलं.

कोषातून मादी निघाली की सुनंदा तिला जाळीच्या डब्यात घालून एसटीनं पन्हाळ्याच्या बाजूला एखाद्या गावी जायची आणि संध्याकाळी दोऱ्यानं झाडाला बांधायची. सकाळी तिला नर बिलगलेला दिसला की समजायचं, या रानात पाखरू आहे. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बाई, हे बांधून काय करतायसा?"

"सोयरीक जुळवतोय की, मामा," ती म्हणाली.

पुढं सोयरिकी जुळेनात. एकेका रानातून सकाळी मादी एकटीच मिळायची. पाखरू उरलेली शेवटची राई यंदा रिसॉर्टसाठी तोडली, तेव्हा पडलेल्या फांद्यांवरून तिनं कोष वेचून आणून गॅलरीतल्या टोपलीत ठेवले. त्या रानाचं तेवढंच उरलं होतं. तिचे विभागप्रमुख तिला पाठीमागं 'किडेवाली' म्हणत. शोकसभेत त्यांनीच तिच्या फुलपाखरांच्या प्रेमावर भाषण ठोकलं. पतंग आणि फुलपाखरू यांतला फरक त्यांना शेवटपर्यंत कळला नाही, आणि टाळ्या मात्र पडल्या.

तिच्या घरी पुण्यानुमोदनाचा, म्हणजे बौद्ध रीतीनं दिवसांचा विधी होता, त्या दिवशी मी कोष न्यायला गेले. टोपली रिकामी होती. कुरुंदवाडहून आलेल्या तिच्या भावजयीला विचारलं.

"त्यो वाळका पाला व्हय? बंबात घातला की. एवढी माणसं यायची, पाणी नको तापवायला?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं. म्हणूनच मला भयंकर राग आला, आणि तो काढावा असं समोर कुणी नव्हतं. त्या बिचारीनं न्हाणीत जाऊन बंबातलं कढत पाणी बादलीत काढलं आणि म्हणाली, "बाहेरनं आलायसा, हातपाय धुऊन घ्या."

मी धुतले.