गावंडे सरांनी लॅपटॉप उघडला

दर्यापूरच्या शाळेत गणित शिकवणारे श्याम गावंडे सर लॅपटॉपचं बटण दाबून आंघोळीला जात. परत आले तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असायचं. आतली जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी ही नवी, वेगवान डिस्क बसवली की लॅपटॉप पळतो, हे त्यांनी यूट्यूबवर पाहिलं आणि तेवढ्यावर ते तज्ज्ञ झाले. स्टाफरूममध्ये जाहीरच करून टाकलं, "दुकानात कायले द्या लागते? मीच करतो घरी."

अमरावतीहून त्यांनी नवी डिस्क आणली. दुकानदार नाजियाबाजींनी सोबत एक केबल दिली आणि काही सांगायला लागल्या, तर सर "माहीत हाय मले" म्हणत बस पकडायला निघालेसुद्धा.

रविवारी दिवाणावर चादर अंथरून सर बसले. स्क्रू वाटीत टाकले. झाकण निघताना कडकन आवाज झाला.

"तुटलं काय?" बायको सीमानं आतून विचारलं.

"नाई वं. त्याचा आवाजच तसा हाय," सर म्हणाले.

नवी डिस्क बसवली, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ आली: सुरू करण्याजोगं काही सापडत नाही. सरांनी पुन्हा उघडलं, फुंकर मारली, पुन्हा लावलं. तीच ओळ. मग तणतणत दुकानात फोन लावला.

"बाजी, तुमी मले खराब डिस्क देल्ली."

"सर, जुन्या डिस्कवरचं सगळं आधी नव्या डिस्कवर कॉपी केलं ना?"

"कॉपी? कोन्ती कॉपी?" नवं कपाट आणलं म्हणून जुने कपडे आपल्या पायानं त्यात जात नाहीत, एवढी साधी गोष्ट या गणिताच्या मास्तरांच्या डोक्यात आली नव्हती.

"मंग ती केबल कायले देल्ली मी?"

"मले वाटलं... डिस्क चार्ज कराले."

पलीकडून नाजियाबाजी अशा हसल्या की सरांनाही राहवलं नाही.

जुनी डिस्क परत आत गेली, नवी केबलनं बाहेरून जोडली आणि कॉपी सुरू झाली. धक्का लागू नये म्हणून सरांनी दिवसभर सीमाला दिवाणाजवळ फिरकू दिलं नाही. संध्याकाळी डिस्क बदलून बटण दाबलं, तर चहाचा कप तोंडाला लागायच्या आत लॅपटॉप हजर! त्या आनंदात सरांनी तो उगाचच कितीदा तरी बंद-चालू केला. वाटीत एक स्क्रू उरला होता.

"हा काहून उरला?" सीमानं विचारलं.

"कंपनीनं जास्तीचा देल्ला असंन."

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सरांनी सगळी फजिती स्वतःच सांगितली, चार्जिंगसकट. लोक हसून हसून बेजार झाले. विषय संपला असं सरांना वाटलं, तेवढ्यात इतिहासाच्या आकांक्षा मॅडमनी पिशवीतून आपला जुना लॅपटॉप काढला.

"याचीबी बदलून द्या ना जी. व्हायच्या त्या चुका तुमच्याकून झाल्याच हायेत."

सरांना नाही म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "ठेवा."