दहाव्या हिश्श्यातून भरलेलं बिल

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. आणि खरं सांगू — स्वतःचं कौतुक ऐकून ऐकून मला आता वैताग आलाय.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. वडगाव निंबाळकरला आमचा गाईंचा गोठा आहे. गावात ज्यू घर हे एकच. आमच्यात मिळकतीचा दहावा हिस्सा गरिबांसाठी बाजूला काढतात, त्याला मासेर म्हणतात. वडील दुधाचे पैसे आले की आधी तो काढायचे, मग उरलेले घरात. त्यांचा दंडक एकच — जे आपण देणं लागतो, ते या पैशातून फेडायचं नाही. पगार, उधारी, नुकसानभरपाई, काहीच नाही. तो पैसा आपला नसतोच, मग त्यातून आपलं देणं फिटेल कसं?

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पाठ होतं.

गोठ्यात चारा कापायची कडबाकुट्टी आहे. चारा तोंडाशी अडकायचा, काम रेंगाळायचं, म्हणून तिचं झाकण मी काढून ठेवलं होतं. दत्तू कामाला लागला तो त्यानंतर. या यंत्राला झाकण असतं हेच त्याला ठाऊक नव्हतं — आणि मी तरी कुठे सांगितलं? एका सकाळी त्याची दोन बोटं गेली.

बारामतीच्या दवाखान्याचं बिल मी भरलं. मासेरच्या पैशातून. गोठ्याचं बांधकाम काढलं होतं, स्वतःच्या खिशात हात घालायचं जिवावर आलं — बस, एवढंच. वर गावभर सांगितलं की आमच्या धर्मात मिळकतीचा दहावा हिस्सा गरिबाला असा द्यावाच लागतो. आणि झाकण? तेच जुनं झाकण धुऊन-पुसून बसवलं आणि दत्तूला म्हणालो, तुझ्यासाठी नवीन आणलंय.

तो रडला. मला त्याचा राग आला! अजून येतो. चारचौघांत हात जोडतो, देवमाणूस म्हणतो. अरे, एकदा तरी संशय घे ना! — पण ही चीड मी त्याच्यावर कशाला काढतोय?

गेल्या आठवड्यात तो एक पाकीट घेऊन दारात आला. त्याची मुलगी एमआयडीसीत कामाला लागलीय, तिच्या पहिल्या पगारातलं.

"मालक, तुमच्यातली रीत हाय नव्हं, धाव्या हिश्श्याची? पोरगी म्हनली, बाबा, तुमचा हात त्याच्यावरच वाचला. आता आपुनबी काढायचा. तुमीच द्या कुना गरिबाला."

सांगायला मी तोंड उघडलं. झाकण जुनंच होतं दत्तू, ते बिल माझं देणं होतं — एवढंच म्हणायचं होतं. तो हसत उभा होता.

"देतो," म्हणालो, आणि पाकीट घेतलं.