जोडीदाराचे मीटर

धाकटीची साठी उलटली तरी गल्लीत सगळे तिला धाकटीच म्हणत. शाळेचे गणवेश शिवून ती घर चालवायची. घरात ती आणि तिचा दादा, दोघंच. तिचं लग्न दोन वर्षांत मोडलं होतं, दादाचं झालंच नव्हतं. "आमच्या घराला संसार मानवत नाही," असं ती हसत म्हणायची आणि ऐकणाऱ्याला हसावं की नाही ते कळायचं नाही.

दादाचं सगळं आयुष्य साउंडच्या धंद्यात गेलं. सभा असो, नाटक असो, जिथे हॉल तिथे दादाचे स्पीकर. मग अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवं अंग नि वाचा एकदमच गेली. एक डोळा मिटला तर हो, दोन्ही मिटले तर नाही, एवढीच त्याची भाषा उरली. धंद्यातलं सामान विकलं गेलं, फक्त एक जुना पॉवर अँप्लिफायर तिने ठेवला. उचलायला दोन माणसं लागावीत असा दणकट, आणि तोंडावर काचेच्या दोन खिडक्या. गाणं लागलं की खिडक्यांत पिवळसर उजेड पडायचा आणि आवाजाबरोबर आतले दोन काटे डुलायचे. धाकटीने तो खाटेसमोरच मांडला होता. शिवणयंत्राच्या खडखडाटात तिला गाणं अर्धंमुर्धंच ऐकू यायचं, पण दादा काट्यांवर नजर लावून पडायचा आणि त्याचं डावं बोट चादरीवर त्यांच्याबरोबर हलायचं. तेवढा वेळ तो घरात आहे असं वाटायचं.

एका दुपारी लाईट गेली आणि आली ती दणका देऊनच. अँप्लिफायरमधून जळका वास सुटला. कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्याने घरी येऊन, बरीच खटपट करून आवाज परत आणला. काटे मात्र पडले ते पडलेच.

"मीटरमधली तार जळली, ताई," तो म्हणाला. "केसाहून बारीक असते. आता कोणी गुंडाळून देत नाही."

"मग नवे बसव."

त्याने बाजारातून नवे आणले. ते लहान निघाले, म्हणून भोवती काळा पुठ्ठा लावला. ठोका पडला की त्यांचे काटे टुणकन उडायचे आणि लगेच पडायचे. जुने काटे कसे दमादमाने चढायचे, उतरताना रेंगाळायचे. दादाने थोडा वेळ बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यानंतर त्याचं जेवणही निम्म्यावर आलं.

धाकटीने जळका मीटर दोऱ्याच्या रिकाम्या डबीत घातला आणि जुन्या सामानाचे बाजार पालथे घातले. कोणी बॅटरी चार्जरचा मीटर पुढे केला, कोणी वजनकाट्याचा. एकाने विचारलं, "आजी, विमान दुरुस्त करताय काय?" ती रिकाम्या हाताने परतली तेव्हा रेडिओवाल्याने खरं काय ते सांगितलं. "हा मीटर आता दुसऱ्या तसल्याच मशीनमध्ये मिळेल. एकाला मारल्याशिवाय दुसरं जगायचं नाही."

तसलं दुसरं मशीन कुठे आहे ते तिला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासूनच ठाऊक होतं, पण तिथे जायला पाय धजत नव्हते.

दादाने ते मशीन घेतलं तेव्हा जोडीने घेतलं होतं. एक त्याचं, एक त्याच्या धंद्यातल्या जोडीदाराचं. पुढे एका हॉलमध्ये शॉर्टसर्किट होऊन पडद्याला आग लागली आणि पडदे बांधणारा माणूस त्यात गेला. जोडीदाराला शिक्षा झाली. त्याने दारूच्या नशेत वायर जोडली, असं घरात तिला सांगितलं गेलं. तो सुटून आल्यावर दिसला की ती नजर चुकवून पुढे जायची.

जोडीदार एका रंगाच्या गोदामामागे एका खोलीत राहत होता. दार उघडून त्याने तिच्याकडे बघितलं आणि वाटेतून बाजूला झाला.

"बस, धाकटे. दादाने पाठवलं?"

"त्याला बोलता येत नाही. अंग गेलंय त्याचं. दोन वर्षं झाली."

जोडीदार हळूच खाटेवर टेकला. "मला कोणी कळवलं नाही."

"कळवणार कोण?"

त्याचं मशीन कोपऱ्यात चादरीखाली होतं, वर औषधाच्या बाटल्या. धाकटीने डबी उघडून काय हवंय ते सांगितलं. तो उठला, बाटल्या खाली ठेवल्या, चादर काढली. दोन्ही मीटरच्या काचेवर, कोपऱ्यात, एकेक लाल ठिपका होता. मशीनं घरी आली त्या दिवशी, अदलाबदल नको म्हणून त्याने तिचीच नेलपॉलिशची बाटली मागून घेतली होती.

स्क्रू काढता काढता त्याने विचारलं, "आगीचं तुला काय सांगितलंय?"

तिने सांगितलं. त्याचा हात थांबला नाही.

"मी दारू पीत नव्हतो. आजही पीत नाही. ती वायर दादाने जोडली होती. घाईत नुसती टेप गुंडाळली. पोलिस आले तेव्हा तो थरथरत होता. तुमची आई अंथरुणाला खिळलेली, तुझं लग्न तोंडावर आलेलं. त्याला म्हटलं, मी घेतो माझ्या अंगावर, तू माझ्या घराकडे बघ."

"मग?"

"बघेन म्हणाला. बायकोला मी खरं सांगितलं नव्हतं, नुसतं दादाकडे जा म्हटलं. बायको त्याच्या दारात दोनदा जाऊन आली. घरात असून नाही म्हणून सांगितलं. मला भेटायला तर एकदाही आला नाही."

धाकटीला आठवलं, एकदा दारात एक बाई बराच वेळ उभी होती आणि दादा घरात नाही असं आईने आतूनच ओरडून सांगितलं होतं. त्या वेळी धाकटी स्वतःच्या लग्नाच्या ब्लाउजला काजं करत बसली होती.

"ज्या लग्नासाठी तुम्ही आत गेलात, ते टिकलंही नाही," ती म्हणाली.

"ऐकलं होतं." त्याने मीटर कागदात गुंडाळून तिच्या हातात दिले. "हे कुठून आणलेत ते त्याला सांगू नकोस."

रेडिओवाल्याने मीटर बसवले. गाणं लागलं, काटे डुलत चढले आणि दादाचा चेहरा क्षणभर उजळला. मग त्याला ते लाल ठिपके दिसले. त्याच्या घशातून एक आवाज निघाला, झटक्यानंतर पहिलाच. धाकटीने रेडिओवाल्याला वाटेला लावलं आणि दार ओढून घेतलं.

"त्याच्याकडूनच आणलेत. वायर तू जोडली होतीस?"

दादाने एक डोळा मिटला.

"त्याची बायको दारात आली तेव्हा तू आत होतास?"

पुन्हा एक डोळा.

जाब विचारायचा तर समोरच्याला तोंड हवं. तिने त्याला भरवलं, पुसलं, कूस बदलून दिली आणि त्याच्याशी बोलणं बंद केलं. आठवडाभर घरात फक्त शिवणयंत्र चाललं. तिला वाटलं होतं राग निवळेल. तो निवळला नाही आणि हातांनी काम सोडलंही नाही. एकदा ओलं फडकं त्याच्या चेहऱ्यावर जरा जास्तच जोराने फिरलं. तेव्हा ती मोरीत जाऊन रडली.

शेवटी तिनेच विचारलं, "त्याला बोलावू?" दादाने दोन्ही डोळे मिटले आणि ते बराच वेळ उघडले नाहीत. तरी ती गेली. जोडीदार म्हणाला, "येऊन काय करू? माफ करू, की नुसतं बघून येऊ? मला दोन्ही जमायचं नाही."

पुढच्या हिवाळ्यात दादा न्युमोनियाने गेला. जोडीदार आला नाही.

घर जरा सावरल्यावर धाकटी जोडीदाराच्या मुलीकडे गेली. बापाला शिक्षा झाली तेव्हा ती शाळेत होती. आईच्या पाठोपाठ तिनेही त्याच्याशी संबंध तोडला होता. धाकटीने उंबऱ्यातच सगळं सांगितलं, काही हातचं न राखता.

"आई मरेपर्यंत त्यांना शिव्या देत होती," मुलगी म्हणाली. "आता मला हे सांगून तुमचं ओझं उतरलं. माझं काय?"

मुलीने तिला आत बोलावलं नाही आणि दारही लावलं नाही. मग तिने विचारलं, "कुठे राहतात ते?"

धाकटीने गोदामाचा पत्ता सांगितला आणि जिना उतरली. मुलगी तिकडे गेली की नाही, ते तिला कधी कळलं नाही. विचारायला पुन्हा जायचं धाडस तिला झालं नाही.