नागाले काढलेले पाय

आमच्या घरी एक टिनाचा डबा होता. पुलगावात मी ज्या घरी भांडे घासाले जात होती, तिथल्या बाईनं देल्ला होता, चहाचा रिकामा. मी त्याच्यात मीठ ठेवत होती. त्याच्यावर एक जनावर होतं. साप म्हणावं तं चार पाय, मगर म्हणावं तं मिशा. बाई म्हणे, याले ड्रॅगन म्हणतात.

माह्यी पोरगी तवा चौथीत. एकच लेकरू. तिले त्या डब्याचं याड लागलं. मी कामावून आली का मीठ परातीत आन डबा तिच्या मांडीवर. चुलीतला कोळसा घेऊन आंगणातल्या फरशीवर काढे, पुसे, पुन्हा काढे. पह्यले तिचा ड्रॅगन गोगलगाईवानी दिसे. मंग पाठ जमली, मंग खवले. पाय काही जमत नोते. तिनं आमची कोंबडी धरून तिचे पंजे नीट पाह्यले, तवा जमले.

"आई, तोंड शेवटी काढाचं," मले सांगे. "तोंड आधी काढलं तं थो आपल्याकडं पाहून राह्यते. मंग आपला हात थरथरते."

"मोठी मास्तरीण झाली वं तू," मी म्हणत होती.

नागपंचमीले दाराजवळच्या भिंतीवर गेरूनं नाग काढाचं काम माह्या सासूचं. त्या साली तिले दिसेनासं झालं, म्हणून पोरीले सांगतलं. मी लाह्या घेऊन आली तं भिंतीवर पाच नाग, आन पाचाहीले पाय.

"हे काय वं? नागाले कुठी पाय राह्यते?"

"थो पोटावर घासत जाते ना आई. दुखत नसन का त्याले?"

मले हासू आलं. सासूले दिसलं नाई, मी बी सांगतलं नाई. लाह्या वाह्यल्या, हात जोडले.

पंधरा दिवसानं माह्या मालकाले वावरात निंदताना पायाले साप डसला. लोकं म्हणत होते, दवाखान्यात न्या. मी म्हटलं, नाई, आधी झाडफूक करू. त्या झाडफुकवाल्यानं सकाळची दुपार केली. पाय काळा पडाले लागला तवा जीप पाह्यली. मालकाचं डोकं पोरीच्या मांडीवर, अशे आम्ही वर्ध्याले गेलो. जीव वाचला. पाय गुडघ्यापासून कापला. डॉक्टर मले म्हणे, "बाई, दोन-तीन घंटे आधी आणलं असतं तं पाय राह्यला असता."

घरी आलो तं बाया भेटाले आल्या. एक म्हणे, "इतका उशीर काऊन केला वं?" मी भिंतीकडं पाह्यलं. भिंतीवर नाग तसेच होते. पंचमीचे नाग आम्ही पुसत नाई, आपोआप जाऊ देतो. मी पोरीकडं बोट केलं. म्हटलं, "हिनं नागाले पाय देल्ले. म्हणून त्यानं बापाचा पाय नेला."

साऱ्या बाया तिच्याकडं पाहाले लागल्या. ती रडली नाई. उठली, बादलीत शेण कालवलं आन आपल्या हातानं भिंत सारवून टाकली.

मंग मी भांडे घासले, निंदण केलं, कापूस वेचला. पोट भरलं. त्याचं मले काही दुख नाई. मालक कुबडीवर फिरे. मले म्हणे, "लेकराले काहाले बोलली वं?" आन पोरीले म्हणे, "माह्या कुबडीवर काढ ना एक ड्रॅगन." पोरगी म्हणे, "मले नाई येत, बाबा." डब्याचं बूड गंजून गेलं, भंगारात देल्ला. मालक गेले तवा बी कुबडी कोरीच होती.

पोरगी आंजी गावात देल्ली. तिची पोरगी सहा वर्साची झाली, तवा मी उन्हाळ्यात गेलती. टीव्हीवर ड्रॅगन पाहून नात आईच्या मांगं लागली, "मले काढून दे."

"मले नाई येत," माह्यी पोरगी म्हणे. पोळ्या लाटत होती.

मी खडू घेतला आन फरशीवर बसली. जिंदगीत कधी काही काढलं नोतं.

"आजी, हा तं बेडूक हाय!" नात हासाले लागली.

"आजीनं तोंड आधी काढलं असन," पोरगी म्हणे. तिनं वळून बी पाह्यलं नोतं.

"मंग तू ये ना बाई, दाखव," मी म्हटलं.

"पोळ्या करून राह्यली मी."

मी खडू खाली ठेवला. इतके वर्सं जे गिळलं होतं ते तवा बोलली. "बाई, उशीर मी केला होता. तुह्या बापाचा पाय माह्यानं गेला."

तिनं तव्यावरची पोळी उलटली.

"मले माहीत हाय," म्हणे. "डॉक्टर बोलला तवा मी तुह्या मांगंच उभी होती."

नात खडू घेऊन माह्या बेडकाले पाय काढत बसली. एक इकडं, एक तिकडं. पोरगी पोळ्या करत राह्यली.