मागच्या दारानं शिरणारे मामा

माझे मल्लूमामा कुठल्याही घरात पुढच्या दारानं शिरल्याचं मला आठवत नाही. गडमुडशिंगीहून सायकल मारत आमच्या लक्ष्मीपुरीतल्या घरी आले, की आधी बोळातून वळसा घालून मागे जायचे, न्हाणीच्या भिंतीला सायकल टेकवायचे आणि स्वयंपाकघराच्या दारातून डोकं आत घालून आईला विचारायचे, "अक्का, आमटी कसली केलीस?" लग्नकार्यात तर कहरच. पुढे मांडवात गुलाबपाणी उडत असायचं, वरमाई मिरवत असायची आणि मामा मांडवामागे पातेली घासणाऱ्या बायकांशी गप्पा मारत उकिडवे बसलेले असायचे. कुणी हाताला धरून पुढे आणलंच तर म्हणायचे, "पुढनं समदंच चांगलं दिसतंय ओ. मागनं बघून ठरवायचं असतंय."

हा त्यांच्या धंद्याचा गुण होता. घरच्या चार म्हशी होत्या, पण त्यांची ख्याती होती ती पारखीची. आसपासच्या गावांत कुणाला म्हैस घ्यायची झाली की तो आधी मामांच्या दारात यायचा. मामा बाजारात आलेत म्हटल्यावर विकणाऱ्यांची तोंडं उतरायची, कारण त्यांच्या साऱ्या क्लृप्त्या मामांना पाठ होत्या. शिंगांना तेल, अंगाला तेल हे तर सगळेच करतात. खरी लबाडी कासेत असते. एका वेळची धार काढायची नाही, दूध तसंच तुंबवून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी कास अशी तट्ट फुगते की नवखं गिऱ्हाईक बघतच राहतं. त्यामुळे मामांचा दंडक होता: दोन धारा बघायच्या. पहिली सांगून आणि दुसरी न सांगता. ते म्हणायचे, "एका धारेवर म्हैस घेणारा आन एका फोटोवर बायकू करणारा, दोघं बी जल्मभर शेणच काढत्यात."

मामांचं आजोळ संकेश्वरकडचं. त्यामुळे एखादी गोष्ट अगदी मनात भरली की त्यांच्या तोंडून कानडी शब्द निघायचा, "छलो." म्हणजे चांगलं. पण हा शब्द ते इतक्या काटकसरीनं वापरायचे की पंचवीस म्हशी बघितल्या तर एखादीच्याच वाट्याला तो यायचा. माझ्या आईच्या हातच्या आमटीला तो एकदाही मिळाला नव्हता आणि आईच्या मनात ते सलत होतं.

आता माझी गोष्ट. बारावीच्या वर्षाच्या सुरुवातीला बाबांनी चारचौघांत शब्द दिला होता, "ऐंशी टक्क्यांच्या वर जा, तुला इंजिनिअर करतो." बाबा माणूस वाईट नव्हते. धान्याचं दुकान, सरळ व्यवहार. पण मी ऐंशीच्या वर जाणार नाही, अशी त्यांची खात्री होती. मी त्र्याऐंशी मिळवले आणि बाबांची पंचाईत झाली. निपाणीचं एक स्थळ त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. शब्द मोडवत नव्हता आणि पाळवत तर अजिबात नव्हता.

एक दिवस मी दुकानात शेंगदाण्यांच्या पोत्यांमागे बसून शेंगदाणे खात होते. पुढे बाबा आणि मामा बोलत होते. मी मागे आहे हे बाबांना माहीत नव्हतं.

"मल्लू," बाबा म्हणाले, "पोरीला चार कॉलेजं फिरवून आण. हौस भागू दे तिची. आणि प्रत्येकात एक-एक खोड काढ. तू खोड काढलीस म्हटल्यावर कोण बोलणार? मग ती बसेल गप इथल्या कॉलेजात बी.एस्सी. करत."

"काढतो की," मामा म्हणाले. "खोड काढायला मी कवा न्हाय म्हटलंय?"

माझ्या घशात शेंगदाणा अडकला. फॉर्म भरायला दहा दिवस उरले होते, त्यावर बाबांची सही लागणार होती, आणि ज्या माणसाच्या भरवशावर मी होते तोच फितूर निघाला होता.

दुसऱ्या दिवशी एस.टी.त बसल्याबसल्या मी तोंड उघडलं. "मामा, बाबांनी तुम्हाला काय सांगितलंय ते मला ठाऊक आहे."

मामांनी चिरमुऱ्यांची पुडी माझ्यापुढे धरली. "बरं झालं की. आता चोरून करायला नको. पण एक ध्यानात ठेव पोरी. नसलेली खोड मी काढत न्हाय, आन असलेली लपवत न्हाय. तुझ्या बापासाठी न्हाय आन तुझ्यासाठी बी न्हाय." आणि मला धीर देण्याऐवजी ते घोरायला लागले.

पहिलं कॉलेज नवंकोरं होतं. पालकांना कॉलेज दाखवायचा दिवस असल्यामुळे दारात रांगोळी, टाय लावलेले एक साहेब, प्रत्येकाच्या हातात गुलाब. संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढायच्या होत्या. आत टेबलांच्या रांगा आणि तीस-एक संगणक. मी हरखूनच गेले. आईशपथ, तोपर्यंत मी संगणक एकदाच बघितला होता, तोही बँकेच्या काचेपलीकडून. मामा मात्र अनवाणी चालत टेबलांच्या मागे शिरले.

"अहो, मागे काही नाही!" साहेब ओरडले.

"तेच बघाय आलोय की," मामा म्हणाले आणि खाली वाकले. मग तिथूनच त्यांचा आवाज आला, "पोरी, ह्यांच्यातल्या एकाला बी शेपूट न्हाय गं!"

एकाही संगणकाला वायर नव्हती. साहेबांनी खुलासा केला की लाईट गेली आहे, म्हणून काढून ठेवल्यात. मामांनी वर बघितलं. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. गुलाब कानात खोचून मामा बाहेर पडले. दोन दिवसांनी आम्ही न सांगता परत गेलो, तेव्हा त्या खोलीत एकही संगणक नव्हता. शिपाई म्हणाला, "ते भाड्याचे हुते, गेले." मामांनी माझ्याकडे बघितलं. "तुंबवलेली कास," ते म्हणाले आणि एस.टी. स्टँडकडे वळले.

दुसरं कॉलेज खरंच बरं होतं. वायरी होत्या, पुस्तकं होती. मामा मागच्या बाजूला खानावळीत जाऊन भाकरी मोडून बघून आले, तिथंही काही सापडलं नाही. माझा जीव भांड्यात पडत होता, तेवढ्यात प्राचार्यांच्या केबिनमध्ये चहा पिता पिता मामांनी विचारलं, "सर, तुमचं पोरगं कुठं शिकतंय?"

"बेंगलोरला घातलंय," प्राचार्य अभिमानानं म्हणाले. "इथं काय आहे?"

मामांनी कप खाली ठेवला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "म्हसवाला सवता शेजारनं दूध आणतोय. आपण ह्येचं कशाला घ्यायचं?"

मी रडकुंडीला आले. दोन कॉलेजं गेली, आठवडा संपत आला होता. मामांशी अबोला धरावा तर परतीच्या चिरमुऱ्यांची पुडी त्यांच्याच हातात.

तिसरं कॉलेज मलकापूरच्या वाटेवर होतं. रस्त्याला खड्डे, वर्कशॉपवर पत्रे, कमान नाही, रांगोळी नाही. मामांनी अर्थातच पुढचं दार सोडलं आणि आम्ही कुंपणाच्या खिंडारातून वर्कशॉपच्या मागच्या दाराशी गेलो. आत एक बाई जमिनीवर बसल्या होत्या, साडीचा पदर खोचलेला, हात काळेभोर. समोर उघडून ठेवलेली विजेची मोटार आणि भोवती पाच-सहा विद्यार्थी. मामा सवयीनं चपला काढायला लागले.

"पावणं, चपला राहू देत, खाली खिळे आहेत," बाई मान वर न करता म्हणाल्या. "आणि आलाच आहात तर तो दिवा धरा इकडं. अजून खाली. हं, हलवू नका."

तासभर मामा दिवा धरून उभे होते. गावोगावच्या बाजारात ज्यांच्या नुसत्या नजरेनं माणसं घाबरायची, ते माझे मामा. हात अवघडला म्हणून त्यांनी एकदा बदलला, तर बाईंनी डोळे वटारले. मोटार काही सुरू झाली नाही. "नाही झाली," बाई मुलांना म्हणाल्या. "उद्या परत उघडायची." मला वाटलं, झालं! मोटार चालत नाही, ही खोड मामांच्या हातात आयतीच सापडली.

तीन दिवसांनी आम्ही न सांगता गेलो. त्याच खिंडारातून. वर्कशॉपमधून घरघर ऐकू येत होती. मोटार चालू होती, पोरं घामाघूम होती आणि बाईंनी मामांना बघून एवढंच म्हटलं, "आज उशीर केलात." परत येताना मामांनी चिरमुऱ्यांची पुडी उघडलीसुद्धा नाही. ते काय ठरवतायत ह्याचा मला काही पत्ता लागेना, आणि विचारायची माझी छाती होईना.

रविवारी आमच्या घरी बैठक बसली. टेबलावर फॉर्म, त्यावर बाबांचं पेन, टोपण घट्ट लावलेलं. मामा त्या दिवशीही मागच्या दारानंच आले.

"हं, बोल मल्लू," बाबा खुशीत म्हणाले.

मामांनी पहिल्या दोन कॉलेजांची बिनपाण्यानं हजामत केली. बाबा मांडीवर थाप मारून हसले. "आणि तिसरं?"

"तितं तर खोडीच खोडी," मामा म्हणाले. मी खाली मान घातली. "सांजच्याला साडेसहाला पोरींच्या हॉस्टेलचं दार बंद करत्यात."

"मग?" बाबा म्हणाले.

"टीव्ही न्हाय. थेटर मलकापुरात, तितं बी गाडी न्हाय. जेवणात तेल दिसत न्हाय. दर सोमवारी परीक्षा. आन एक बाई हाय, दाजी, काय सांगू! मी बाप्या माणूस, तासभर दिवा धरून हुबा केला मला. हलू दिलं न्हाय. पोरं तर चळाचळा कापत्यात."

"अरे, पण ह्या खोडी कशा?" बाबांच्या तोंडून निघून गेलं.

"तुमीच सांगितल्यासा खोडी काढ म्हणून. काढल्या. आता त्या तुमास्नी आवडाय लागल्या तर माझी काय चूक हाय?"

स्वयंपाकघरात आईला हसू आवरेना, तिच्या हातातलं झाकण खाली पडलं. बाबांच्या लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा ताठ झाला. "मल्लू, थट्टा पुरे. पोरीची जात आहे. निपाणीची माणसं किती दिवस थांबतील?"

मग मामा जे बोलले ते मी जन्मात विसरणार नाही. आजोबा लवकर गेलेले, म्हणून आईसाठी मुलगा बघायचं काम विशीतल्या मामांवरच आलं होतं. एवढं मला माहीत होतं. पुढचं बाबांनाही माहीत नव्हतं.

"दाजी," मामा हळू आवाजात म्हणाले, "तुमास्नी बघाय मी दोनदा आलतो."

"एकदाच की. मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो."

"ती पहिली धार. दुसऱ्यांदा न सांगता आलतो, ह्या मागच्या दारानं. तुमी न्हाणीच्या पायरीवर बसून शालनचा अभ्यास घ्यायला लागलता. आठ-नऊ वर्सांची भन तुमची. गणित चुकत हुती. तुमी मारलं न्हाय, वरडला न्हाय. पाटी पुसायची आन परत सांगायचं. दुकानातनं हाका यायला लागल्या तरी उठला न्हाईसा." मामा थांबले. "तवा मी मनात म्हटलं, जो भनीला असा शिकवतोय त्यो आपल्या पोरीला बी शिकवंल. छलो म्हटलं, आन अक्का दिली तुमास्नी. आज वीस-बावीस वर्सं झाली. माझी पारख खोटी हुती म्हणून सांगू व्हय गावात?"

बाबा बराच वेळ न्हाणीकडच्या दाराकडे बघत बसले. शालनआत्या आता कागलला शाळेत मास्तरीण होत्या. मग बाबांनी पेन उचललं. टोपण निघेना, तर माझ्याकडे दिलं. मी काढून दिलं आणि त्यांनी सही केली. आई रडत होती. मामांनी तिला विचारलं, "अक्का, आमटी कसली केलीस?"

मला कॉलेजात पोचवायला मामाच आले होते. त्यानंतर साधारण चार महिन्यांनी एक दिवस वर्कशॉपचं काम आटोपून बाहेर आले, तर वॉचमन म्हणाला, "मागल्या खिंडारातनं एक पावणं आलतं, ताई. अर्धा तास खिडकीतनं तुमाकडं बघत हुबं ऱ्हायलं. तुमी खाली बसून मोटार खोलत हुता. म्हटलं, कोण पायजे? तर म्हणालं, कोण न्हाय, दुसरी धार बघाय आलतो. आन जाताना छलो म्हणून गेलं. म्हंजे काय ओ?" मी रस्त्यापर्यंत धावत गेले, पण लाल गाडी वळणापलीकडे गेली होती. हॉस्टेलच्या मागच्या दाराशी एक डबा ठेवलेला होता. त्यात खरवस होता.

मामा गेले ते मी नोकरीला लागून सातवं वर्ष असताना. आम्ही सगळे गडमुडशिंगीला पोचलो तेव्हा पुढच्या अंगणात माणसं दाटली होती. बाबांना ओळखणारे बरेच होते, त्यांनी वाट करून दिली, "या, या, दाजी, पुढं या." बाबांनी मान हलवली. ते घराला वळसा घालून गोठ्याच्या बाजूनं मागे गेले, दाराशी चपला काढल्या आणि उंबऱ्यावर हात टेकून लहान मुलासारखे रडायला लागले. मग डोळे पुसून मागच्याच दारानं आत गेले.